हरणाऱ्या टीमचे शेवटचे दोन रविवार

बेंगळुरूहून आल्यापासून दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, काय काय बघितलंस. लालबाग बघितली नाही. राजवाडा बघितला नाही. साडीही घेतली नाही. मी दोन रविवार एका टीमला बेसबॉल हरताना बघून आले. असं सांगितलं की लोक माप देता देता थांबतात. म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढते.

माझं कोल्हापुरात शिवणाचं दुकान आहे. तालमींच्या फुटबॉल टीमच्या जर्सी आम्ही शिवतो. त्यामुळे हरणं-जिंकणं माझ्या घरात लहानपणापासून आहे. आमच्याकडं टीम हरली की कप्तान चार दिवस पेठेतून मान वर करून जात नाही, आणि पुढच्या वर्षी नवीन जर्सी शिवायला कुणी फिरकत नाही. जुन्यावरच नंबर बदलून द्या म्हणतात. हरलेल्या टीमवर इतकी शांत माया करणारी माणसं मी बेंगळुरूआधी पाहिली नव्हती.

जायचं कारण ताईचा फोन. माझी थोरली बहीण तीस-एक वर्षं बेंगळुरात आहे. दाजी, म्हणजे तिचे मिस्टर, मूळचे निपाणीचे. पीण्या म्हणजे तिथला कारखान्यांचा भाग, त्यातल्या एका मशीन शॉपमध्ये सुपरवायझर होते, दिवाळीत रिटायर झाले. निपाणीत घर बांधून तयार, वास्तुशांत झालेली, ताईनं भांडीसुद्धा खोक्यात भरलेली. पण दाजी निघायला तयार नाहीत.

"सीझन संपू दे म्हणतात," ताई फोनवर म्हणाली. "मला वाटलं, आंब्याचा सीझन. तर ते कसलं बेसबॉल आहे म्हणं. दर रविवारी बघायला जातात आणि ती टीम दर रविवारी हरतीया. तू ये. तुझं ऐकतील. समजाव त्यांना."

मार्चमध्ये जर्सींचं काम नसतं. रात्रीच्या बसनं निघाले.

दासरहळ्ळी

आमच्या भागातून जाणाऱ्या बसेस पीण्यावरूनच शहरात शिरतात, त्यामुळे पहाटे उतरले ती दासरहळ्ळीत, ताईच्या घरापासून जवळच. दाजी आणायला आले होते. थोडे वाळलेले वाटले, पण चेहऱ्यावर रिटायर माणसाची मरगळ नव्हती.

"आलीस होय सुमे? चल, आधी कॉफी घेऊ."

कोपऱ्यावर उभ्यानं कॉफी प्यायलो. एकच कॉफी दोन पेल्यांत वाटून मागितली तर इथं कुणी कंजूष म्हणत नाही, उलट तीच रीत आहे. त्याबरोबर एका ताटलीत तिखट उपमा आणि गोड शिरा शेजारीशेजारी आले. आमच्याकडं सकाळी सात वाजता शिरा फक्त सत्यनारायणाला. मी आधी गोड संपवायला लागले तर दाजी म्हणाले, "तसं न्हाई. एक घास हे, एक घास ते." तसं खाऊन बघितलं. बरं लागतं.

घरी पोचल्यावर ताईनं दार उघडलं आणि आधी माझ्याकडं नाही, दाजींच्या बुटांकडं बघितलं. बुटांना लाल माती होती. मैदानाची. हॉलमध्ये भिंतीला लागून खोकी रचली होती आणि त्यावर दाजींनी आपली पाण्याची बाटली आणि उन्हाची टोपी ठेवली होती, रविवारसाठी.

दोन दिवस मी विषय काढायची संधी बघत होते. दाजी सकाळी भाजी आणत, दुपारी झोपत, शेजाऱ्याचा मिक्सर दुरुस्त करत. निपाणीचं नाव निघालं की, "जायचंच की," म्हणत आणि उठून पाणी प्यायला जात. शेवटी मी म्हटलं, "दाजी, रविवारी मीपण येते."

ताईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुठल्या बाजूची हे तिला कळेना.

सर्जापूर रोड, पहिला रविवार

कारखान्यांची टीम पीण्याची, पण मैदान शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. बेसबॉलला लागतं तसं मैदान तिकडच्या एका कॉलेजनंच दिलंय. मेट्रो, मग बस, मग थोडं चालणं. वाटेत बिनपानांची, नुसत्या गुलाबी फुलांनी भरलेली झाडं. मी दाजींना दाखवत होते आणि दाजी घड्याळ बघत होते.

मैदानाच्या तिन्ही बाजूंना उंच अपार्टमेंट. बाल्कनीत कपडे वाळत घातलेले आणि खाली माणसं काठी फिरवतायत. आधी खेळ समजून घेतला. चौकोनाच्या चार कोपऱ्यांना चार ठाणी. एकजण बॉल टाकतो तो पिचर. मारणाऱ्याच्या मागं बसून झेलतो तो कॅचर. मारणारा तीनदा हुकला की बाद. लागला तर पळायचं, एकेक ठाणं करत परत मारायच्या जागी यायचं, त्याला घर म्हणतात. आलं की एक रन. तिघं बाद झाले की डाव फिरतो, असे सात डाव.

"आणि अजून एक," दाजी म्हणाले. "पाच डाव झाल्यावर एखादी टीम दहा रन मागं असली, तर पंच मॅच थांबवतात. दया म्हणून."

"मग?"

"मग काय. आपली एकपण मॅच सहाव्या डावाला गेलेली न्हाई."

आपली, म्हणाले. मी ते ऐकून घेतलं.

बघणारे आम्ही चौघं. दाजी, मी, कुणा खेळाडूची बायको आणि गुंडूराव. गुंडूराव सत्तरीचे, चिकपेटेत त्यांचं लेस आणि बटणांचं दुकान. बटणं म्हटल्यावर माझी त्यांच्याशी लगेच गट्टी झाली. त्यांचं घराणं मराठी, पण इथं येऊन किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता आलं नाही.

"बसा अक्का, इकडं सावली आहे," ते म्हणाले. "स्वल्प ऊन लागेल, पण सरी होतंय, चालेल. आमचं मराठी तुमाला वेगळं वाटेल. आमच्या घरात असंच बोलतात."

"तुमचं कोण खेळतं यात?"

"कोण नाही. पुतण्या खेळत होता. तो कॅनडाला गेला. मी येत राहिलो."

पलीकडची टीम व्हाइटफील्डच्या ऑफिसांतली. एकसारख्या पिशव्या, डोळ्याला काळे चष्मे, परदेशात राहून खेळून आलेली पोरं. आपल्याकडं कप्तान मंजुनाथ हा पिचर. तो लेथवर काम करतो. पहिल्या ठाण्यावर सेल्वम, डाय म्हणजे लोखंडी साचे बनवणारा, चांगला जाडजूड. कॅचर रवी, ग्राइंडिंगवर असतो. जर्सीचा निळा रंग धुऊन धुऊन राखाडी झालेला. शिवण मात्र बरी होती, दुहेरी.

खेळ फार वेळ चालला नाही. मंजुनाथनं टाकलेले बॉल ती पोरं अपार्टमेंटच्या दिशेनं मारत होती. एकदा सेल्वम वाकला आणि त्याची विजार मागून उसवली. तो हातमोजा मागं धरून उभा राहिला. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा असतोच. डाव फिरल्यावर त्याला झाडामागं पाठवला, कुणाचा तरी टॉवेल गुंडाळून तो आला आणि मी खुर्चीवर बसून विजार शिवली. तो पुढं नुसता "थँक्यू अक्का, थँक्यू" म्हणत राहिला.

पाच डाव झाले, पंचांनी हात वर केला. संपलं. चौदा-शून्य.

मला वाटलं आता शिव्या, आरडाओरडा, पिचरवर राग. कोल्हापूर असतं तर मी पर्स आवरून आधीच निघाले असते. इथं ओळीत उभं राहून दोन्ही टीमनी हात मिळवले. मग आपली पोरं आमच्याकडं आली आणि दाजींच्या भोवती गवतावर बसली. गुंडूरावांनी आणलेली चुरमुरी निघाली. ती आपल्या भडंगाची मवाळ बहीण, किसलेलं गाजर घातलेली. दाजी मंजुनाथला कन्नडमध्ये काहीतरी समजावत होते, हाताचं कोपर वर धरून दाखवत होते. कधी आयुष्यात बॉल न धरलेला माणूस. आणि मंजुनाथ मन लावून ऐकत होता.

परतीच्या बसमध्ये मी विचारलं, "दाजी, यात तुम्हाला काय मिळतं?"

"कारखान्यात तीस वर्षं एकच काम केलं बघ. पार्ट केसाएवढा चुकला की बाजूला काढायचा. आणि केला कुणी, हे शोधायचं. पोरं मला बघून बोलायची बंद व्हायची. या मंजुलासुद्धा लई बोललोय मी. रिटायर झालो त्या आठवड्यात तोच घरी येऊन म्हणाला, अण्णा, रविवारी काय करता, मॅच बघायला या. गेलो. तर इथं दहातनं तीनदा बॅट लागली की भारी खेळाडू म्हणतात. मला ते पचायलाच महिना गेला."

समजवायचं असतं तर ती वेळ होती. मी उरलेली चुरमुरी त्यांच्यापुढं केली.

पीण्या, शनिवार

पुढचा रविवार सीझनचा शेवटचा. शुक्रवारी संध्याकाळी मंजुनाथ घरी आला. दारातच उभा राहिला. ताईनं आत बोलावून पोहे दिले, पण तो खाईना. मार्चअखेर असल्यामुळे कारखान्यांत रविवारीही काम लागलं होतं. बाकीच्यांचं कसंबसं जमलं होतं, पण कॅचर रवीला त्याचा मालक सोडत नव्हता. रवी नाही आला तर आठच उरतात. आठ जणांना मैदानात उतरू देत नाहीत.

"एकदा असं झालंच आहे पावसाळ्यानंतर," मंजुनाथ तोडक्या हिंदीत मला म्हणाला. "दुसऱ्यांदा झालं तर पुढच्या वर्षी लीगमध्ये घेणार नाहीत. हरलो तर चालतं. न येणं चालत नाही."

दाजींनी विचारलं, "मालक कोण?"

"जयरामण्णा."

"ओळखतो. उद्या सकाळी जाऊ."

शनिवारी मीही बरोबर निघाले. पीण्याच्या गल्ल्यांत एका शटरमागं एक कारखाना, कुठं ठोकाठोक, कुठं घासाघास, सगळीकडं गरम तेलाचा वास. रस्त्यानं लोखंडाचे लांब गज हातगाडीवरून चाललेले. प्रत्येक चौथं माणूस दाजींना "अण्णा, ऊटा आय्ता?" विचारत होतं. जेवण झालं का, असं. सकाळी दहा वाजता. आमच्याकडं "काय चाललंय" विचारतात, त्यातलंच ते.

जयरामण्णा वयानं दाजींएवढेच, कपाळावर गंध, टेबलावर गणपती आणि ऑर्डरींचा ढीग. कॉफी मागवली. दोघांचं बोलणं कन्नडमध्ये झालं. दाजींनी मला नंतर सांगितलं ते असं. मालक म्हणाले, "पाटील, तुम्ही सुपरवायझर होता. तुम्ही मार्चमध्ये कुणाला सोडलं असतं?" दाजी म्हणाले, "न्हाई." मालक म्हणाले, "आणि जिंकायची टीम असती तरी विचार केला असता. हरायलाच जायचं तर इथं चार पार्ट जास्ती निघू देत." त्यावर दाजींनी कॉफी संपवली. मग विचारलं, "रवीचं उद्याचं काम किती?"

मालकांनी एका ट्रेकडं बोट दाखवलं. बोटभर लांबीच्या लोखंडी पिनांनी भरलेला ट्रे.

"मी आज करून देतो," दाजी म्हणाले.

मालक हसले. दाजी हसले नाहीत. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, चष्मा पुसला आणि शटरजवळच्या रिकाम्या मशीनपाशी जाऊन उभे राहिले. रवी बाजूच्या मशीनवर होता. त्यानं बघितलं आणि मशीन बंद करून तो धावत आला. दाजींनी त्याला हातानंच परत पाठवलं.

मी एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसले. दुपार झाली तरी दाजी उभेच. पहिल्या काही पिना त्यांनी मापून बघितल्या आणि दोन बाजूला टाकल्या. बिघडल्या होत्या. मग हात बसला. मी ताईला फोन केला, जेवायला येत नाही, असं असं आहे. तिनं फोन ठेवून दिला.

तासाभरानं ती स्वतःच आली, डबा घेऊन. रिक्षावाल्याशी भांडत गल्लीत शिरली, शटरपाशी येऊन थांबली. माझ्याकडं बघितलंच नाही. दाजी पाठमोरे होते. पिन लावायचे, चाक पुढं घ्यायचे, पाण्याची धार सोडायचे, काढून अंगठ्यानं चाचपायचे. पाठ घामानं ओली. ताई किती तरी वेळ तशीच उभी राहिली.

"तीस वर्षांत एकदापण इकडं आले न्हाई बघ मी," ती हळू म्हणाली. "यायला नको म्हणायचे. तेलकट असतंय म्हणायचे."

मग पुढं होऊन तिनं मशीनशेजारी डबा ठेवला. दाजी दचकले.

"जेवून घ्या आधी," ती म्हणाली.

"तू कशाला आलीस?"

"दपाट्या गार होतील."

तिथंच खोक्यावर कागद पसरून जेवलो. रवीलाही बसवलं. शेंगदाण्याची चटणी त्यानं तीनदा मागून घेतली. ट्रे संध्याकाळी संपला. जयरामण्णांनी एक पिन हातात घेऊन बघितली, दुसरी बघितली, आणि रवीला म्हणाले, "होगु." जा.

घरी येताना ताईनं विचारलं, "उद्या किती वाजता निघायचं?"

पुन्हा सर्जापूर रोड

तिघं निघालो. ताईनं पातळ नेसलं होतं, लग्नाला निघाल्यासारखं, आणि चकल्यांचा डबा घेतला होता. मेट्रोत बसायला जागा मिळाली तरी दाजी उभे होते. पाय भरून आलेत हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं, पण बसलो की उठवणार नाही म्हणाले.

मैदानावर बरोबर नऊजण होते. रवी सगळ्यात आधी आला होता. गुंडूरावांनी ताईला सावलीतली खुर्ची दिली, आणि मी जे दाजींकडून शिकले होते ते तिला सांगायला सुरुवात केली. ती मध्येच म्हणाली, "कळतंय गं. बाहेर जायचं आणि घरी परत यायचं. त्यात काय न कळण्यासारखं."

समोरची टीम लीगमध्ये दुसरी होती. पहिल्याच डावात त्यांनी चार रन केले. मंजुनाथचं कोपर आज वर होतं, निदान दाजी तसं म्हणत होते, पण मला काही फरक दिसला नाही. दुसऱ्या डावात एक उंच बॉल आला, दोघं आपली पोरं त्याच्याखाली धावली, एकमेकांकडं बघत राहिली आणि बॉल दोघांच्या मध्ये पडला. ताईला हसू आलं. दाजींनी बघितल्यावर तिनं पदर तोंडाला लावला, मग दाजीही हसले. मला आठवत नाही त्या दोघांना एकत्र हसताना मी शेवटचं कधी पाहिलं होतं.

पाचव्या डावात आपण बॅटिंगला आलो तेव्हा फळ्यावर दहा-शून्य होतं. हा डाव कोरा गेला की संपलं. पलीकडची पोरं बॅगा आवरायला लागली होती.

पहिला बाद. दुसराही बाद. मग सेल्वम आला. त्याला पिचरनं चार बॉल लांबूनच टाकले, न मारण्याजोगे, आणि नियमानं त्याला पहिलं ठाणं फुकट मिळालं. तो ते गाठायलासुद्धा जोरात पळत गेला. पुढच्यानं कसाबसा बॉल पायापाशी मारला, तो फिरकी घेत झेलणाऱ्याच्या मांडीवर आदळून बाजूला गेला. मारणारा पहिल्या ठाण्यावर, सेल्वम दुसऱ्यावर, मग एक बॉल कॅचरच्या हातून सुटला तेव्हा तिसऱ्यावर. बॅट रवीकडं होती.

दाजी उभे राहिले. ताईनं त्यांचा शर्ट मागून धरला, पडतील म्हणून की काय.

रवी दोनदा हुकला. तिसऱ्या वेळी बॉल लागला. चांगला लागला असं मी म्हणणार नाही, जमिनीवरून गडगडत गेला. तिकडच्या पोरानं उचलला, पण घाईत फेकला तो पहिल्या ठाण्यावरच्या गड्याच्या डोक्यावरून. आणि सेल्वम पळत सुटला. जाडजूड सेल्वम, तोंड उघडं, दोन्ही हात पुढं. धुळीत पडला तो घराच्या पांढऱ्या फळीवर.

पंचांनी दोन्ही हात आडवे केले. रन झाला.

आपली पोरं अशी धावली की जणू चषक मिळालाय. पलीकडच्या टीमला आधी कळेना, मग त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि बॅगा परत खाली ठेवल्या. कारण आता फरक नऊचा होता आणि मॅच पुढं चालणार होती. गुंडूराव चष्मा काढून पुसत म्हणाले, "सहावा डाव. बघा अक्का, सहावा डाव." ताई शेजारी उभी होती. कधी उठली ते मला दिसलं नाही.

सहाव्यात समोरच्यांना एकही रन करता आला नाही. सातव्यात त्यांनी तीन केले. आपण त्यानंतर एकही नाही. तेरा-एकनं हरलो. पण सगळे सात डाव खेळलो, ऊन उतरेपर्यंत.

शेवटी पोरं गवतावर बसली. चकल्या संपल्या. मंजुनाथ उठून दाजींसमोर आला आणि पुढच्या सीझनचा सराव कधी सुरू करायचा ते बोलू लागला. दाजींनी त्याला थांबवलं. आधी कन्नडमध्ये बोलले, मग आमच्याकडं वळून मराठीत.

"आम्ही गुढीपाडव्याच्या आधी निपाणीला जातोय. सामान बांधलेलंच आहे."

मंजुनाथनं मान हलवली. एकेक जण येऊन पाया पडला, दाजींच्या आणि ताईच्यासुद्धा. ताई "असू दे, असू दे" म्हणत होती. सेल्वमचे गुडघे सोलले होते, तरी वाकला.

बसमध्ये गर्दी नव्हती. ताई आणि दाजी एका बाकावर बसले, मी मागं. ताई म्हणाली, "जायचं ठरलेलंच होतं, तर मला एवढे महिने का घोरात ठेवलंत? सुमीला बोलावून घेतलं मी तेवढ्यासाठी."

"सीझन संपू दे म्हटलेलो की."

"ते मला खोटं वाटलं."

दाजी गुडघे चोळत होते. "जिंकत असते तर डिसेंबरातच निघालो असतो. जिंकणाऱ्यांना माणसं मिळतात. हरत असताना मध्येच कसं सोडून जायचं त्यांना?"

बाहेर एकामागून एक अपार्टमेंट जात होते, दिवे लागायला सुरुवात झाली होती. मला वाटलं विषय संपला. मेट्रोचं स्टेशन आलं तसं तिनं डबा पिशवीत घातला आणि उठता उठता म्हणाली, "पुढच्या वर्षी येऊया दोघं. सुरुवातीला नको. तेव्हा सगळेच येत असतील. शेवटच्या दोन-तीन मॅचला."

दाजींनी तिचा हात धरून तिला बसमधून उतरवलं.